बोर्डावरची बाई आणि आपली पावती

आधी माझी चूक सांगतो. मग प्रश्न मांडतो.

चौदा एप्रिल दहा-बारा दिवसांवर आला होता. आम्ही पाच-सहा पोरं पावतीपुस्तक घेऊन मंचर-घोडेगावकडच्या वाड्यावस्त्या पालथ्या घालत होतो. एका वस्तीत एक आक्का भेटल्या. वय साठीच्या पुढचं. उभी हयात तमाशात गेलेली. आधी बोर्डावर नाचल्या, गुडघे गेल्यावर मागं उभं राहून गाण्याला साथ केली. त्यांनी कनवटीचे पैसे काढले. म्हणाल्या, ‘बाबासाहेबांच्या नावानं पावती फाड.’ आमच्यातल्या एकानं पेन उघडलं. मी त्याचा हात धरला. नुकतीच चार पुस्तकं वाचून मी शहाणा झालो होतो. म्हणालो, ‘आक्का, राग मानू नका. पण तमाशाचा पैसा खुद्द बाबासाहेबांनी नाकारलाय. पठ्ठे बापूरावाला त्यांनी परत पाठवलं होतं.’

आक्का भांडल्या नाहीत. पैसे परत कनवटीला खोचले आणि म्हणाल्या, ‘बापूरावाचं नाकारलं ते बराबरच केलं बाबांनी. त्यो कुठं नाचत व्हता? नाचत व्हती पवळा. पर माझी मी नाचले रं. माझं कशापायी नाकारतूस?’

मला उत्तर आलं नाही. आम्ही पुढच्या घराकडं वळलो. पण प्रश्न तिथंच राहिला नाही, माझ्याबरोबर आला. तो प्रश्न एकट्या आक्कांचा नाही. जे माणूस नाचून-गाऊन पोट भरतं, त्याच्याशी आपल्या चळवळीचं नातं काय? त्याचा पैसा बाटलेला आहे का? बाटलेला असेल तर कुणी बाटवला?

हा प्रश्न आपल्या भागात टाळता येत नाही. जुन्नर तालुक्यातल्या नारायणगावला तमाशाची पंढरी म्हणतात. दर साली गुढीपाडव्याच्या सुमाराला तिथं फडांच्या राहुट्या पडतात. राहुटीत टेबल, खुर्ची, वही आणि बाहेर फडाचं पोस्टर. गावोगावचे पंच येतात, या राहुटीतून त्या राहुटीत हिंडतात, तारीख सांगतात, भाव पाडतात, इसार देऊन सुपारी पक्की करतात. चैत्री पौर्णिमा, अष्टमी अशा यात्रांच्या तारखांना भाव चढतो, आडतारखेला उतरतो. मार्केटात जसा टोमॅटो, तसा इथं खेळ. पाडवा ते बुद्धपौर्णिमा हा यात्रांचा हंगाम. होय, बुद्धपौर्णिमा. ज्या दिवशी आपण पांढरी कापडं घालून विहारात जातो, त्याच दिवसाच्या आसपास ही माणसं बोर्डाच्या फळ्या शेवटच्या गाडीत भरतात आणि पावसाळा कसा काढायचा याचा हिशेब मांडायला बसतात.

राहुटीतल्या वहीवर जो सौदा होतो तो फडमालक आणि पंच यांच्यातला. नाचणारी बाई, ढोलकीवाला, हलगीवाला, सोंगाड्या, बोर्ड ठोकणारा बिगारी, यांचा सौदा आधीच झालेला असतो. त्याला उचल म्हणतात. घरात आजारपण निघालं, पोरीचं लग्न आलं की मालकाकडून उचल घ्यायची. दसऱ्याला फड बाहेर पडला की ती फेडत राहायची. फिटली तर ठीक. नाही फिटली तर पुढच्या साली तोच फड, तोच मालक. मालकही सुखात असतो असं नाही, त्याच्या बोकांडी सावकार असतो. रात्री गण, गौळण, बतावणी, रंगबाजी, वग. दुसऱ्या दिवशी उन्हात हजेरी. मग सामान गाडीत आणि माणसंही गाडीत. झोप रस्त्यात. आंघोळीला आडोसा मिळेल का, ते त्या गावच्या पंचांच्या मर्जीवर.

आता बापूरावाची गोष्ट नीट बघू. पठ्ठे बापूराव म्हणजे श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी, रेठरे हरणाक्षचा ब्राह्मण. त्यानं जात सोडली, फड काढला. त्याच्या फडाची कीर्ती पसरली ती पवळामुळं. पवळा संगमनेर तालुक्यातल्या हिवरगावची, महाराची लेक. १९२७ साली महाडच्या लढ्याच्या काळात बापूरावानं आपल्या खेळांचं उत्पन्न लढ्याच्या फंडाला द्यायची तयारी दाखवली. बाबासाहेबांनी ते घेतलं नाही. आमच्या महार बायका नाचवून मिळवलेला पैसा मला नको, असा त्यांच्या नकाराचा मतलब होता. ही गोष्ट आपल्याकडं तोंडोतोंडी आहे, आणि आपण ती अभिमानानं सांगतो. सांगायलाच पाहिजे. जो माणूस पै-पैशाला मोताद असलेली चळवळ चालवतो आणि तरीही समोर आलेला पैसा परत करतो, त्याच्या मनात स्वाभिमानाचा अर्थ पक्का असतो.

पण आपण त्या गोष्टीतून धडा कुठला काढला? ‘तमाशाचा पैसा घाण.’ आणि तिथून एक पाऊल पुढं, ‘तमाशातलं माणूस घाण.’ हे पाऊल बाबासाहेबांनी टाकलेलं नाही, ते आपण टाकलं. त्यांचा नकार नाचवणाऱ्याला होता, आपण तो नाचणारीच्या माथी मारला.

आणखी एक गोष्ट बघा. त्या सगळ्या कथेत बापूराव बोलतो, बाबासाहेब बोलतात. पवळा बोलत नाही. तो पैसा जिच्या पायांनी मिळवला, तिला कुणी विचारलं नाही, की बाई, तुझ्या मनात काय आहे? तुला द्यायचाय का हा पैसा? तिनं होय म्हटलं असतं की नाही, आपण सांगू शकत नाही. पण तिला न विचारता तिच्या घामाचा पैसा देण्याचा अधिकार बापूरावाला नव्हता, एवढं नक्की सांगू शकतो. माझ्या मते नकाराचं खरं मर्म तिथं आहे. दान देणारा आणि घाम गाळणारा वेगवेगळे असले तर ते दान नव्हे, दुसऱ्याच्या खिशातली उदारी आहे.

याच्या उलट्या बाजूची गोष्ट आपल्या धम्मात आहे. महापरिनिब्बान सुत्तात वैशालीची अंबपाली येते. ती गणिका. तिनं तथागताला भोजनाचं निमंत्रण दिलं, तथागतानं ते घेतलं. मागून लिच्छवी राजपुत्र रथात बसून आले. हे भोजन आम्हाला दे, लाख देतो, म्हणाले. ती नाही म्हणाली. तथागतानंही शब्द फिरवला नाही. तिच्या घरी जेवला, आणि तिनं आपली आमराई संघाला दिली तीही घेतली. गणिकेचा पैसा घेतला म्हणून संघ बाटला नाही.

मग तथागत बरोबर की बाबासाहेब? माझं म्हणणं, दोघंही बरोबर, आणि एकाच कारणानं. अंबपालीनं स्वतःचं दिलं, स्वतःच्या तोंडानं दिलं, स्वतःच्या हातानं वाढलं. बापूराव दुसरीचं देत होता. आक्कांनी शाळेची पायरी चढली नव्हती, पण हा फरक त्यांनी एका वाक्यात सांगितला. मी पुस्तकं वाचून तो चुकवला.

आपल्या जुन्नरच्या डोंगरात याचा पुरावा आहे. शिवनेरी, तुळजा, मानमोडी, लेण्याद्री मिळून दोनशेच्या वर लेणी आहेत. त्यांतले लेख दोन हजार वर्षांच्या आसपासचे. धान्यवाल्यांच्या श्रेणीनं सात खोल्यांचं लेणं आणि पाण्याचं टाकं दिल्याचं तिथं कोरलंय. बांबूचं काम करणाऱ्यांची श्रेणी आणि काशाचं काम करणाऱ्यांची श्रेणी यांच्याकडं ठेवी ठेवलेल्या, त्याचीही नोंद आहे. बांबू तासणाऱ्या हातांवर विश्वास टाकून धम्मकार्याचा पैसा त्यांच्याकडं ठेवला जात होता. त्याच डोंगराच्या पायथ्याला उभं राहून मी एका म्हाताऱ्या कामकरी बाईचा पैसा परत केला.

इथं एखादा मित्र म्हणेल, थांब. धंदाच वाईट असेल तर? बाबासाहेबांनी आपल्याला मेलेली ढोरं ओढायचं सोडायला सांगितलं, येसकरकी सोडायला सांगितली, तसंच हेही सोडायचं नाही का? हा आक्षेप हलका नाही. १६ जून १९३६ ला मुंबईत परळच्या दामोदर हॉलमध्ये बाबासाहेबांनी जोगतिणी, देवदासी आणि कामाठीपुऱ्यातल्या बायकांपुढं भाषण केलं. अगदी कडक बोलले. हे जिणं सोडा, म्हणाले. आणि पोटाचं काय, तर ते मी सांगणार नाही, वाटा शेकड्यांनी आहेत, असंही त्यांनी स्पष्ट केलं.

तमाशातली बाई आणि कामाठीपुऱ्यातली बाई एकच, असं समजणं हा तमाशातल्या बाईवर अन्याय आहे, ते आधी बाजूला काढू. पण भाषणाचा मुद्दा उरतोच. त्याबद्दल दोन गोष्टी. पहिली, बाबासाहेब त्या बायकांच्या समोर जाऊन बोलले. त्यांना आपलं समजून, आपल्या धर्मांतराच्या लढ्यात यायचं निमंत्रण देऊन बोलले. त्यांच्या पाठीमागं इतरांना सांगितलं नाही, की यांच्यापासून लांब राहा. त्यांचा कडकपणा घरच्या माणसाचा होता. आपला कडकपणा परक्याचा आहे. दुसरी, पोटाची वाट त्यांनी त्या दिवशी आखून दिली नाही. मग ती आखायचं काम कुणावर आलं? मागून येणाऱ्यांवर, म्हणजे आपल्यावर. नव्वद वर्षं होत आली. आपण जुन्नर-आंबेगावात तमाशातल्या माणसाच्या पोरांसाठी एक तरी खोली बांधली का, जिथं फड गावोगाव हिंडत असताना ती पोरं शाळा शिकतील? ‘सोडा’ म्हणायला आपण सगळे पुढं.

पाली संयुत्त निकायात तालपुट नावाच्या नटांच्या म्होरक्याची गोष्ट आहे. त्यानं तथागताला विचारलं, आमचे वाडवडील सांगतात की लोकांना हसवणारा नट मेल्यावर हसऱ्या देवांत जातो, खरं का? तथागतानं उत्तर टाळलं. तिसऱ्यांदा विचारल्यावर सांगितलं, की नाही. जे लोभानं, द्वेषानं, मोहानं आधीच पेटलेले आहेत त्यांना तू आणखी पेटवतोस, म्हणून तुझी गत वेगळी. तालपुट रडला. तथागताच्या बोलण्यानं मी रडत नाही, म्हणाला, आमच्या थोरांनी पिढ्यान्‌ पिढ्या मला फसवलं म्हणून रडतो. पुढं तो भिक्खू झाला, अर्हत झाला.

तालपुटाची ही गोष्ट मला नाचण्या-गाण्याच्या निषेधासाठी महत्त्वाची वाटत नाही. ती महत्त्वाची वाटते ती दोन कारणांनी. तथागतानं विचारलेल्याला खरं सांगितलं, न विचारता कुणाला हिणवलं नाही. आणि खरं सांगितल्यावर संघाचं दार उघडं ठेवलं. निघ म्हणायचं असेल तर निघून जायला जागा दाखवावी लागते. जागा न दाखवता निघ म्हणणं म्हणजे त्या माणसाला उन्हात उभं करून आपण सावलीत बसणं.

आपल्या चळवळीनं एक मोठं काम केलं. तीसच्या दशकात भीमराव कर्डकांसारख्या शाहिरांनी तमाशाची ढोलकी उचलली आणि आंबेडकरी जलसा उभा केला. गणातला देव काढला, गौळणीतला चावटपणा काढला, वगात सावकार, भट, गुलामी आणि शाळा आणली. बाबासाहेबांनी आपल्या दहा सभांच्या बरोबरीला कर्डकांचा एक जलसा धरला, असं जुनी माणसं सांगतात. मांगवाड्यात जन्मलेल्या अण्णाभाऊ साठेंनीही तमाशाचाच साचा घेतला आणि त्यातून कामगारांचं लोकनाट्य घडवलं. पण एक गोष्ट आपण बोलत नाही. जलशानं तमाशाची ढोलकी घेतली, सोंगाड्या घेतला, बतावणी घेतली. बाई मात्र घेतली नाही. बायकांची कामं पुरुषांनीच केली. त्या काळात बाई बोर्डावर आली की लोकांची नजर लगेच खाली घसरायची, म्हणून तसं केलं असेल. ते कारण मला समजतं. पण परिणाम काय झाला? जिला सगळ्यात आधी बाहेर काढायचं होतं, ती जुन्या बोर्डावर तशीच राहिली. आपण वाद्य सोडवलं, बाई राहिली.

१९५६ नंतर आपल्यातले पुष्कळ लोक तमाशातून बाहेर पडले. मागं राहिले त्यांत मांग, कोल्हाटी, गोपाळ, आणि आपल्यातलेही काही. मग आपल्यात एक नवी मिजास आली. आम्ही धम्म घेतला, आम्ही नाचत नाही, ते नाचतात. मित्रांनो, ही मिजास कुठून आली ते ओळखा. वरून खाली बघायची ही सवय बुद्धाची नाही. तिचा गाव वेगळा आहे.

आता विठाबाईंचं बघा. विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर. जन्म १९३५ चा. बाप भाऊ आणि चुलता बापू यांचा फड ‘भाऊ-बापू मांग नारायणगावकर’ या नावानं चालायचा. जात लपवलेली नव्हती, पोस्टरवर छापलेली होती. १९५७ आणि १९९० साली विठाबाईंचा राष्ट्रपतींकडून सन्मान झाला. त्यांची एक गोष्ट अख्खा महाराष्ट्र सांगतो. दिवस भरलेले असताना खेळ चालू होता, कळा आल्या, त्या बोर्डाच्या मागं गेल्या, बाळंत झाल्या, दगडानं नाळ ठेचून तोडली आणि परत बोर्डावर आल्या. हे ऐकून सभागृहात टाळ्या पडतात. काय ही कलेवरची निष्ठा, म्हणतात.

मी विचारतो, टाळ्या कशाच्या? गिरणीतली बाई साच्यापाशी बाळंत झाली असती तर आपण टाळ्या वाजवल्या असत्या का? मोर्चा काढला असता. १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात बाळंतपणाच्या सवलतीचं बिल आलं तेव्हा बाबासाहेब त्याच्या बाजूनं उभे राहिले. बाईच्या श्रमावर ज्याचा फायदा होतो, त्यानं तिच्या बाळंतपणाचा काही भार उचललाच पाहिजे, असं त्यांचं म्हणणं होतं. १९२९ साली मुंबई प्रांतात तो कायदा झाला. पुढं १९६१ चा देशभराचा कायदा आला, आणि १९७३ च्या दुरुस्तीनं घोडेस्वारी, कसरती ‘आणि इतर खेळ’ दाखवायला माणसं कामाला ठेवणारी आस्थापनं त्यात घेतली गेली. ती दुरुस्ती सर्कशीकडं बघून झाली असेल, पण ‘इतर खेळ’ या शब्दांत तमाशाचा फड बसतो. २०२० साली संसदेनं सामाजिक सुरक्षा संहिता मंजूर करून असे जुने कायदे एका ठिकाणी आणायचं ठरवलं. कागद बदलत गेले. फडातल्या कुठल्या बाईनं त्या शब्दांवर बोट ठेवून भरपगारी रजा मागितल्याचं मी आमच्या भागात ऐकलेलं नाही. कारण तिला ते शब्द कुणी वाचून दाखवले नाहीत. वाचता येतं ते आपण. आणि आपण पावती नाकारण्यात गुंतलो होतो.

विठाबाई १५ जानेवारी २००२ ला गेल्या. शेवटच्या दुखण्याचं दवाखान्याचं बिल देणग्यांवर भागवावं लागलं. काही वर्षांनी शासनानं त्यांच्या नावानं तमाशातल्या कलावंतांसाठी जीवनगौरव पुरस्कार सुरू केला. पुरस्कार चांगलाच. पण त्या नावातून मधलं ‘भाऊ मांग’ गळालं. जी जात पोस्टरवर चालत होती, ती शालीवर चालली नाही. स्वातंत्र्याच्या सुमाराला मुंबई सरकारनं अश्लील म्हणून तमाशावर बंदी आणली होती, मग अटी घालून उठवली. आता तेच सरकार ‘आपली थोर लोककला’ म्हणून हार घालतं. बंदी घालताना तमासगिराला विचारलं नाही, हार घालतानाही त्याची मजुरी विचारली नाही. पांढरपेशांचं तमाशावरचं प्रेम आणि त्यांचा तमाशाचा तिटकारा, दोन्हींत कामाचा हिशेब नाही. आपणही त्या दोघांपैकी एकाच्या पंगतीला बसायचं का?

हिशेब नसला की काय होतं ते २०२० साली दिसलं. २५ मार्चला देशाला कुलूप लागलं. त्याच दिवशी गुढीपाडवा होता. राहुट्यांचा हंगाम उभा राहायच्या आत बसला. यात्रा बंद, इसार अडकले, उचल मात्र अंगावर तशीच. पुढच्या साली पाडवा १३ एप्रिलला आला, आणि १४ एप्रिलपासून राज्यात पुन्हा निर्बंध आले. सलग दोन हंगाम बुडाले. त्या साली मे महिन्यात ज्येष्ठ तमाशा कलावंत कांताबाई सातारकर करोनानं गेल्या. ढोलकी वाजवणारे हात मजुरीच्या नाक्यावर दिसू लागले. काही मदत झाली, नाही असं नाही. पण मदत मागून मिळते, आणि हक्क मागावा लागतो तो वहीवर नाव असेल तरच. यांचं नाव मालकाच्या उचलीच्या वहीवर होतं, दुसऱ्या कुठल्या वहीवर नव्हतं.

पुढच्या जयंतीच्या आधी मी आक्कांकडं एकटाच गेलो. चुकलं म्हणालो. त्यांनी ते मनावर घेतलं नाही. उलट विचारलं, ‘तुमी गाण्याच्या पार्टीला किती देता रं?’ मी आकडा सांगितला. त्या हसल्या. ‘आन्‌ त्या डीजेवाल्याला?’ तोही सांगितला. मग त्या काही बोलल्या नाहीत. बोलायची गरजही नव्हती. आमच्या भीमगीतांच्या पार्टीतली पोरगी रात्री दोनपर्यंत गाते, जेवण गार मिळतं, बिदागी ‘बघू, जमल्यावर देऊ’ असते, आणि परतीच्या गाडीची सोय तिची तिनं करायची. वरून आपण म्हणतो, समाजाचं काम आहे, पैशाचं काय घेऊन बसलीस? पंचांनी तमासगिराशी जे केलं तेच आपण भीमशाहिराशी करतो, फक्त फोटो वेगळा लावून.

म्हणून माझं म्हणणं असं.

तमाशाला डोक्यावर घ्या, असं मी म्हणत नाही. जातीनं लादलेलं नाचणं संपलंच पाहिजे. पोटासाठी दुसरी वाट नसल्यामुळं नाचावं लागणं, हेही लादलेलंच असतं. पण ज्याला दुसरी वाट मिळूनही गायचंय, वाजवायचंय, बोर्डावर उभं राहायचंय, तो कामगार आहे, आणि कामगाराला आपल्या चळवळीत जागा आहे. बोर्डावरची बाई लाजेची गोष्ट नाही. तिच्या अंगावरची उचल ही लाजेची गोष्ट आहे.

आणि कामं साधी आहेत. पाडव्याला राहुट्या पडतील तेव्हा आपल्यातल्या चार जणांनी नारायणगावला जायचं, कलावंतांशी बोलायचं, उचलीचा हिशेब त्यांना त्यांच्या स्वतःच्या वहीत लिहून द्यायचा. आपल्या गावच्या यात्रा कमिटीत आपलं माणूस असेल तर त्यानं बायकांना आडोसा, पाणी आणि संडास आधी ठरवायचं, मग खेळाचा भाव. फडातल्या एका तरी पोराची शाळेची आणि राहण्याची सोय प्रत्येक शाखेनं अंगावर घ्यायची. जयंतीच्या पार्टीची बिदागी कार्यक्रमाच्या आधी, सगळ्यांसमोर, ज्याच्या त्याच्या हातात. आणि आपल्या मंचावर बाईनं गायलं, बोललं, नाटकात काम केलं, तर तिच्याकडं बघायची आपली नजर आधी तपासायची.

पावतीपुस्तक पुन्हा छापायला जाईल तेव्हा त्यात देणाऱ्याच्या नावाखाली एक ओळ वाढवा. व्यवसाय. त्या ओळीत आक्कांनी ‘तमाशा कलावंत’ लिहायला सांगितलं, तर खाडाखोड न करता लिहा.

जय भीम.